पहिली वेलांटी

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. खरं तर आधी विद्यापीठ झालं आणि मग जागा उरली म्हणून भोवती जंगल ठेवलं, असं जुनी झाडं सांगतात. झाडांचं काय ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

तर बाळांनो, नीट बसा. बाळांनो म्हटलं म्हणून तोंडं वाकडी करू नका. तुमच्यातल्या काहींना पीएच.डी. होऊन वीस वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. पण गोष्ट ऐकायला बसलं की सगळे बाळच. मागच्या रांगेतले डॉक्टरसाहेब, मोबाइल आत ठेवा. हजेरी शेवटी आहे, तोवर कुणी हलायचं नाही.

या विद्यापीठात एक सर्पविभाग होता. जंगलात मुंगसं पुष्कळ आणि साप त्याहून पुष्कळ. मुंगसाच्या पिल्लाला साप धरता आला नाही, तर साप पिल्लाला धरतो. त्यात तिसरा पर्याय नसतो आणि पुरवणी परीक्षाही नसते. म्हणून प्रत्येक मुंगूस आई आपलं पिल्लू सर्पविभागात घालायची.

विभागप्रमुख होते घोरपडेसर. घोरपडीने कडा धरला की सुटत नाही म्हणतात. सरांनी खुर्ची धरली होती. त्यांचा प्रबंध सापाच्या कातीवर होता. कातीच्या आत कधी साप असतो, ही गोष्ट त्यांनी ऐकली होती, पण त्यांच्या विषयाच्या कक्षेत ती येत नव्हती.

मग शिकवायचं कोण? शिकवायची येसू. येसू मुंगसे, तासिका तत्त्वावरची साहाय्यक. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू. तास चालू असेतोवर तुम्ही विद्यापीठाचे, घंटा झाली की कुणाचेच नाही.

येसूला दोनच गोष्टी यायच्या. एक, साप धरणं. दुसरी, शुद्धलेखन. पहिलीमुळे तिला काम मिळालं आणि दुसरीमुळे तिचं आणि खेकडे भाऊसाहेबांचं कायम वाजायचं.

भाऊसाहेब म्हणजे विद्यापीठाचे कारकून. अक्षर मोत्यासारखं. पण खेकड्याची जात, चालायचं ते आडवं. कागदाच्या डाव्या कडेने निघाले की उजव्या कडेला जाऊनच थांबायचे, मधे मागे फिरणं नाही. आता पहिली वेलांटी कशी देतात? अक्षर काढायचं, मग पेन डावीकडे मागे न्यायचं आणि तिथून वळसा घालायचा. भाऊसाहेब मागे जाईनात. दुसरी वेलांटी उजवीकडे, ती मात्र ठसठशीत द्यायचे.

म्हणून येसूच्या नेमणूकपत्रावर होतं, 'साहाय्यक शक्षक, सर्पवभाग'.

"भाऊसाहेब, वेलांट्या राहिल्या," येसू म्हणाली होती.

"नंतर देतो," भाऊसाहेब म्हणाले होते. त्याला तीन वर्षं झाली.

येसूच्या वर्गात बारा पिल्लं. त्यातल्या अकरांचं बरं चाललं होतं. बारावी होती ठकी. ठकीची उडी चांगली, कान चांगले, दात तर नवे कोरे. पण साप फणा काढतो ना, त्या क्षणी ठकी डोळे मिटायची. येसू वेलीचा साप करून झाडामागून ओढायची, वर पानाचा फणा उभा करायची, आणि ठकी घट्ट डोळे मिटून उभी.

"ठके, डोळे मिटलेस की साप दिसेनासा होतो. पण त्याला तू दिसतेस," येसू म्हणाली.

"बाई, मी नाही मिटत. ते आपले आपण मिटतात," ठकी म्हणाली आणि रडायला लागली.

येसूने तिला जवळ घेतलं. पिल्लं मोठी झाली की आयांना सोडून माळावर राहायला जात. महिनाअखेर परीक्षा आणि मग माळ. माळावर डोळे मिटणारं मुंगूस एक दिवस टिकत नाही. ही पोर मरेल, असं येसूला स्पष्ट दिसत होतं.

"मला आठ दिवस दे," ती म्हणाली. "आठ दिवसांत तुझे डोळे उघडतील."

आणि नेमकं त्याच दुपारी पत्र आलं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

'सर्व शक्षकांनी व साहाय्यकांनी एकवीस दवसांच्या उद्बोधन वर्गास हजर राहावे. प्रमाणपत्र नसल्यास काम बंद.'

येसू घोरपडेसरांकडे गेली. म्हणाली, "सर, माझी एक पोर डोळे मिटते. आठ दिवस राहू द्या, मग मी एकवीसचे बेचाळीस दिवस बसते."

"येसूबाई," घोरपडेसर म्हणाले, "शिकवण्याच्या नादात शिकवायचं कसं, ते शिकायचं राहून जातं बघा. परीक्षा आपण पुढे ढकलू."

परीक्षा पुढे ढकलली. साप काही कुणी पुढे ढकलले नाहीत.

उद्बोधन करायला आले रोहितसर. रोहित म्हणजे तो गुलाबी, उंच, काठीसारख्या पायांचा पक्षी. दरवर्षी परदेशी जाऊन येतात. तसे त्यांच्या जातीतले सगळेच जाऊन येतात, पण यांनी ते पत्रिकेत छापलं होतं. सभागृहात आले, एक पाय पोटाशी घेतला आणि एकवीस दिवस तो खाली सोडला नाही. भाऊसाहेबांनी ओळख करून दिली, "आजचे साधनव्यक्ती."

"साधनव्यक्ती म्हणजे?" येसूने शेजारच्या ससाणेबाईंना हळूच विचारलं. ससाणेबाई म्हणजे सशीण, गवतशास्त्राच्या प्राध्यापिका.

"ज्याच्याकडे साधन असतं ती व्यक्ती," ससाणेबाई म्हणाल्या. "गप्प बस, लिहून घे."

रोहितसर म्हणाले, "शिकवणं ही फार जुनी कल्पना आहे. आजपासून आपण कुणी काही शिकवायचं नाही. आपण शिक्षक नाही. आपण सुलभक."

सगळ्यांनी लिहून घेतलं. भाऊसाहेबांना हा शब्द फार आवडला, कारण त्यात वेलांटीच नव्हती.

आता गंमत बघा. शिकवण्याचा वर्ग आहे असं कळल्यामुळे येसूची बाराही पिल्लं पहिल्याच दिवशी येऊन पुढे बसली होती. रोहितसरांनी मान वाकवून त्यांच्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

"विद्यार्थी," येसू म्हणाली.

"यांना बाहेर काढा. विद्यार्थी समोर असले की अध्यापनावर लक्ष राहत नाही."

पिल्लांना बाहेर काढलं. त्यांच्या जागी विद्यार्थ्यांची भूमिका करायला प्राध्यापक बसले. ससाणेबाई हुशार विद्यार्थिनी झाल्या. प्रश्न विचारायच्या आधीच त्यांचा हात वर. इतिहासाचे कासवसर मागे पडणारा विद्यार्थी झाले. त्यासाठी त्यांना फारसं काही करावं लागलं नाही. उत्तरं सगळ्यांना येत होती, कारण प्रश्न त्यांनीच काढले होते. असे विद्यार्थी मिळाल्यावर पाठ रंगणारच. खरी पिल्लं कुडाच्या फटीतून बघत होती, आपण किती छान शिकतोय ते.

मग सूक्ष्म अध्यापन सुरू झालं. म्हणजे पाठ छोटा करायचा, पाच मिनिटांचा. पण आपल्या लोकांना एखाद्या गोष्टीत चढाओढ लावल्याशिवाय चैन पडत नाही. ससाणेबाईंनी पाच मिनिटांचा पाठ तीन मिनिटांत घेतला. तो सूक्ष्म ठरला. साळिंदरसरांनी एका मिनिटात घेतला. तो अतिसूक्ष्म. अठराव्या दिवशी कासवसर फळ्यासमोर आले, मान बाहेर काढली, विद्यार्थ्यांकडे पाहिलं, मान आत घेतली आणि जागेवर जाऊन बसले.

रोहितसरांचे डोळे पाणावले. "इतकं सूक्ष्म अध्यापन मी परदेशातही पाहिलं नाही," ते म्हणाले.

येसूला रोज संध्याकाळी ठकीकडे पळायचं असे. पण हजेरी तीनदा, पंज्याच्या ठशाने, आणि शेवटची दिवेलागणीला. तोवर पिल्लं बिळात गेलेली असत. एकवीस दिवस येसू साप समजून भुई धोपटणाऱ्यांच्या मागे बसून राहिली आणि दिवस मोजत राहिली.

एकविसाव्या दिवशी तिची पाळी आली. विषय, साप. सापाची भूमिका विभागप्रमुखांनी करायची असं ठरलं होतं. भाऊसाहेबांनी सकाळीच लिहून ठेवलं, 'सापाच्या भूमकेत, घोरपडे, उपस्थत'. निरीक्षक म्हणून एक जण बाहेरचा लागतो, म्हणून ठकीला कोपऱ्यात उभं केलं.

वेळ झाली. घोरपडेसर बैठकीत अडकलेले. आणि सभागृहाच्या मोरीतून आत आला तो खरा नाग.

मागच्या वारुळात राहणारा, चांगला पाच हात लांब. दोन दिवस उपाशी होता आणि ससाणेबाईंच्या वासावर आला होता. त्याने मधोमध येऊन फणा काढला. कुणी पळेना. कुणी ओरडेना. उलट ससाणेबाईंनी हात वर केला.

नाग गोंधळला. त्याने जोरात फूत्कार टाकला.

"छान," रोहितसर म्हणाले. "आता अभिप्राय घेऊ."

"फणा उत्तम," ससाणेबाई म्हणाल्या. "पण सरांचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत नाही."

"घोरपडेसर अगदी हुबेहूब," कासवसर म्हणाले. "फक्त पाय कुठे लपवलेत ते कळलं नाही."

"मी घोरपडे नाही," नाग म्हणाला.

"बघा, किती भूमिकेत शिरलेत," रोहितसर म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

येसूने कोपऱ्यात पाहिलं. ठकी डोळे घट्ट मिटून उभी होती. नाग हळूहळू ससाणेबाईंकडे सरकत होता आणि त्या हात वर करून त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या.

"सर, हा खरा आहे," येसू म्हणाली.

"येसूताई, खरा-खोटा अशी विशेषणं आपण सहभागींना लावत नाही."

येसूने उडी घेतली. नाग झेपावला तेव्हा ती तिथे नव्हती. दुसऱ्यांदा झेपावला तेव्हाही नव्हती. तिसऱ्यांदा तो दमला आणि तिने मान पकडली. आता फक्त दात रोवायचे, की संपलं.

तेवढ्यात घंटा झाली. पाच मिनिटं संपली.

"वेळ संपली, सोडा," रोहितसर म्हणाले. "आणि सहकाऱ्याच्या अंगावर जायचं नसतं." ससाणेबाई, कासवसर आणि साळिंदरसर यांनी मिळून येसूची शेपटी धरली आणि तिला ओढून बाजूला केलं. आपण कुणाला ओढतोय आणि कुणापासून, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता. चहा यायचा होता.

इतक्यात दारातून घोरपडेसर आले. फणा म्हणून डोक्याला पळसाचं पान बांधलेलं. "माफ करा, बैठक लांबली," ते म्हणाले आणि समोर पाहिलं. कातीच्या आत काय असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. शेपटीच्या टोकापर्यंत पांढरे पडले.

बाळांनो, आता सरांनी काय करायला हवं होतं? हा खरा नाग आहे, असं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं, तर हजेरीवर जे घोरपडे उपस्थित होते ते कोण? भाऊसाहेब लिहिलेलं मागे जाऊन खोडत नाहीत. म्हणजे सर गैरहजर. विभागप्रमुख गैरहजर.

सरांनी डोक्यावरचं पान सोडलं. "हे आमचे नवे सहकारी," ते म्हणाले. "यांना मीच पाठवलं."

आणि नाग काय करत होता? नाग रडत होता. मान चोळत म्हणाला, "इतकी वर्षं मी हे काम करतोय. मला बघून सगळे पळून जातात. आवाज मागे पोचत नाही, हे आजवर कुणी थांबून सांगितलं नव्हतं."

सगळ्यांना भरून आलं. नागोबांना प्रमाणपत्र मिळालं, त्यावर शेरा होता, 'सहभाग उत्कृष्ट'. येसूच्या कागदावर शेरा होता, 'शक्षककेंद्री पद्धत. समोरच्याला बोलू देत नाहीत. नापास'.

प्रमाणपत्र नाही म्हणून येसूचं काम गेलं. सर्पविभागात जागा रिकामी झाली. अर्ज एकच आला. उमेदवाराकडे प्रमाणपत्र होतं, विषयाचं ज्ञान आतून होतं, आणि साधनं तर दोन होती, वरच्या जबड्यात. नागोबांची नेमणूक झाली.

येसू विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर बोरीच्या झाडाखाली जाऊन बसली. तिला फार वाईट वाटत होतं. कामाचं नाही, ते तीन वर्षं जाण्याच्या वाटेवरच होतं. पिल्लांचं वाटत होतं. दुपारी कुंपणाखालून ठकी सरपटत आली.

"मी त्या वर्गात नाही बसणार," ठकी म्हणाली. "मला त्या सरांची भीती वाटते."

"तेवढं तुला आलं तरी पुष्कळ झालं," येसू म्हणाली. मग तिने खाली पडलेली बोरं गोळा केली आणि एक ठकीच्या तोंडावर फेकलं. ठकीने डोळे मिटले. दुसरं फेकलं. मिटले. "डोळे उघडे ठेवलेस तर बोर तोंडात झेलता येईल," येसू म्हणाली. ही तिची पद्धत. हिला नाव नाही, हिच्यावर कुणी पत्रिका छापली नाही. तिसऱ्या दिवशी ठकीने एक बोर झेललं. आठव्या दिवशी तिचं पोट बोरांनी दुखायला लागलं.

इकडे सर्पविभागात अकरा पिल्लं उरली होती. नागोबा फार मन लावून शिकवायचे. आवाज आता मागच्या बाकापर्यंत यायचा. पहिल्या आठवड्यानंतर वर्गात दहा पिल्लं होती. मग नऊ. मग आठ. मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण गोष्ट आहे, सांगायला हवी.

पहिल्यांदा जो गेला तो बाळ्या. त्याची आई कोंडाबाई दोन दिवस वाट बघून कार्यालयात आली.

"भाऊसाहेब, माझा बाळ्या शाळेतून घरी आला नाही."

भाऊसाहेबांनी वही उघडली. "गळती झाली, बाई."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे पोरांचं शिक्षणातून मन उडतं. सोडून जातात. सगळीकडेच आहे, आपल्याकडे कमीच म्हणायची."

"माझ्या बाळ्याचं मन उडालं नव्हतं हो," कोंडाबाई म्हणाली. "डबा घेऊन गेला होता."

"त्याला आम्ही काय करणार," भाऊसाहेब म्हणाले आणि पुढच्या ओळीला लागले. कोंडाबाई घरी गेली आणि डबा ठेवायची जागा रोज पुसत राहिली.

गळती वाढली तशी विद्यापीठाने समिती नेमली. समितीने विचार केला, चहा घेतला, अहवाल दिला. नागोबांशीही बोलून आली. नागोबा म्हणाले, "पोरं चांगली असतात. पण फार वेळ टिकत नाहीत." हे वाक्य अहवालात जसंच्या तसं घेतलं. मग फलकावर सूचना लागली.

'सर्पवभागात वद्यार्थ्यांची गळती वाढली आहे. पालकांनी काळजी करू नये. शक्षकांसाठी आणखी एक उद्बोधन वर्ग घेण्यात येईल.'

फलक कुंपणालगत होता. येसूने बाहेरून वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. कुंपणातून वर्गातली पिल्लं मोजली. आठ, बारा होती. ठकी इथे. म्हणजे तीन. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिच्या पाठीवरचे केस उभे राहिले.

"भाऊसाहेब," तिने हाक मारली, "गळतीच्या ग-ला पहिली वेलांटी राहिली आहे."

भाऊसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. "तुमचं हे नेहमीचं आहे, येसूबाई. नंतर देतो."

"आत्ता द्या."

"आता ओळ पुढे गेली."

येसूने कुंपणातून हात घातला आणि नखाने वेलांटी स्वतःच दिली. ग-च्या डावीकडून वळसा घालून, चांगली खोल. मग ठकीला म्हणाली, "जा, सगळ्या आयांना बोलावून आण. म्हणावं, फलकावर तुमच्या पोरांचा निकाल लागलाय."

आया आल्या. वाचता सगळ्यांना येत नव्हतं. कोंडाबाईला येत होतं. तिने बोट ठेवून वाचलं, "सर्पविभागात विद्यार्थ्यांची गि... गिळती वाढली आहे."

कोंडाबाई आणि आणखी दोघी फलकासमोर खाली बसल्या. मग बाकीच्या आया वर्गात गेल्या आणि प्रत्येकीने आपलं पिल्लू मानेला धरून उचलून आणलं. आठ पिल्लं बोरीखाली आली. नागोबा त्या वेळी पाठ टाचण काढत होते, म्हणून थोडक्यात निभावलं.

येसूवर फलक विद्रूप केल्याचा ठपका आला. ती विद्यापीठात नव्हतीच, त्यामुळे तो लागला नाही.

आता विद्यापीठापुढे मोठा पेच. सर्पविभागात शिक्षक आहे आणि विद्यार्थी शून्य. वर्ग रिकामा ठेवता येत नाही, पाहणीला लोक येणार होते. घोरपडेसरांनी तातडीची बैठक घेतली. ससाणेबाईंनी हात वर केला.

"त्यात काय? विद्यार्थ्यांची भूमिका आपण करू. आपल्याला सराव आहे."

सगळ्यांना पटलं. घोरपडेसरांनीही मान डोलावली. खरं काय ते त्यांना एकट्याला माहीत होतं, म्हणून आपण आपली खुर्ची दाराजवळ ओढून बसायचं, एवढं त्यांनी ठरवलं.

पहिल्या दिवशी ससाणेबाई पहिल्या बाकावर बसल्या आणि हात वर केला. नागोबा म्हणाले, "या पुढे." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'रजा'. कासवसर पोटात जाऊन परत आले, कवच उतरेना म्हणून. त्यांनी त्याला अभ्यासदौरा म्हटलं, अहवाल दिला आणि पुढच्या दौऱ्याला निघून गेले. साळिंदरसरांना नागोबांनी हातच लावला नाही, त्यामुळे त्यांना आपल्याकडे दुर्लक्ष होतंय असं वाटून ते रुसून दुसऱ्या विद्यापीठात गेले. रोहितसर परदेशी गेले, तो त्यांचा जायचा मोसमच होता. आणि एका मंगळवारी दाराजवळची खुर्चीही रिकामी दिसली. तिच्यात घोरपडेसरांची नखं तेवढी रुतलेली होती. ती सुटली नव्हती.

त्या मंगळवारी दुपारी खेकडे भाऊसाहेब कुंपणापाशी आले. आडवे चालत, पण आयुष्यात पहिल्यांदाच डावीकडे.

"येसूबाई," ते म्हणाले, "विद्यापीठात आता मी आणि नागोबाच उरलो. त्यांनी मला उद्या वर्गात बसायला सांगितलंय. ती वेलांटी कुठे द्यायची म्हणालात?"

येसूला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण समोर नऊ पिल्लं बसली होती आणि शिकवणाऱ्याला समोर पिल्लं असली की राग धरून बसता येत नाही.

"वेलांटीचं मग बघू," ती म्हणाली. "ठके, डोळे उघडे राहतील?"

"राहतील बाई."

"चला मग. आज प्रात्यक्षिक."

नागोबा वर्गात खुर्चीवर वेटोळं घालून बसले होते. भिंतीवर प्रमाणपत्र. नऊ पिल्लं रांगेने आत आली, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. "या, या," म्हणत त्यांनी फणा काढला.

ठकी सर्वांत पुढे होती. फणा वर गेला. ठकीच्या पापण्या थरथरल्या. येसू दारात उभी होती. ती पुढे झाली नाही. ठकीने डोळे मोठे केले आणि तोंड उघडलं, अगदी बोर झेलताना उघडते तसं.

पुढचं मी सांगत नाही. मुंगसाच्या शाळेत जेवणाची सुट्टी कशी असते, ते तुम्हीच समजून घ्या. एवढं सांगतो की कोंडाबाई दाराबाहेर बसली होती, आणि सगळं झाल्यावर तिने आत जाऊन बाळ्याचा डबा शोधला. तो बाकाखाली होता.

तिसऱ्या दिवशी फलकावर नवी सूचना लागली. लिहिणारे अर्थात भाऊसाहेब. भीती गेली की हाताला जुनं वळण परत येतं.

'येसू मुंगसे यांनी वनापरवानगी प्रात्यक्षक घेतल्यामुळे सर्पवभागातील एकमेव साधनव्यक्तीची गळती झाली आहे. खुलासा करावा.'

येसूने सूचना वाचली आणि बोरीखाली परत गेली. ठकी मात्र फलकापाशी थांबली. तिने एकेका शब्दावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. मग जिभेने तोंड पुसलं आणि खिडकीकडे बघून म्हणाली,

"भाऊसाहेब, इथेही एक वेलांटी राहिलीय."

तात्पर्य : बाळांनो, शुद्धलेखनाचा फार आग्रह धरू नये. वेलांट्या जिथल्या तिथे पडू लागल्या, तर किती अहवाल नव्याने लिहावे लागतील, याचा विचार करा. चला, आता हजेरी. पंजे पुढे करा.